भय, विस्मय आणि एक शिक्षक : ‘हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझकाबान’ या चित्रपटाविषयी

प्रास्ताविक

जादूगार, चेटकिणी, उडते प्राणी आणि मंत्रांच्या छड्या यांनी भरलेला चित्रपट हा गंभीर समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, याविषयी आपल्या विद्यापीठीय वर्तुळात अजूनही काहीसा संकोच आढळतो. अद्भुत हे बालवाङ्मयाच्या दालनात ठेवायचे आणि वास्तव प्रौढांच्या, अशी एक सोयीस्कर वाटणी आपण करून टाकली आहे. वास्तविक ज्या परंपरेत भरतमुनींनी अद्भुताला आठ रसांमध्ये स्थान दिले, विस्मय हा त्याचा स्थायिभाव सांगितला आणि माया व इंद्रजाल यांचा त्याच्या विभावांत स्पष्ट उल्लेख केला, त्या परंपरेशी परिचय असलेल्या अभ्यासकाला हा संकोच वाटण्याचे कारण नाही. अद्भुत खरे की खोटे हा प्रश्न रसविचारात गौण आहे. ते प्रेक्षकाच्या मनात काय जागे करते, हा प्रश्न मुख्य आहे.

या दृष्टीने ‘हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझकाबान’ हा २००४ साली प्रदर्शित झालेला चित्रपट मला विशेष विचारार्ह वाटतो. जे. के. रोलिंग यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, मालिकेतील तिसऱ्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. या मालिकेतील कादंबऱ्या मराठीतही अनुवादित झाल्या असून भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाउसने त्या प्रसिद्ध केल्या आहेत. त्यामुळे कथानकाची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून देण्याची गरज नाही. प्रस्तुत लेख म्हणजे या चित्रपटाचा सर्वांगीण अभ्यास नव्हे. एक प्रेक्षक म्हणून आणि एक अध्यापक म्हणून त्याने माझ्या मनावर जे ठसे उमटवले त्यांची कारणमीमांसा करण्याचा हा प्रयत्न आहे. हा चित्रपट वरवर पाहता जादूविषयी असला, तरी त्याचा खरा विषय भय हा आहे. आणि भयाशी सामना करण्यास शिकवणाऱ्या एका शिक्षकाचे काय होते, हे त्याचे मर्म आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

मालिकेतील स्थान व दिग्दर्शकाची दृष्टी

मालिकेतील पहिले दोन चित्रपट ख्रिस कोलंबस यांनी दिग्दर्शित केले होते. २००१ आणि २००२ साली आलेल्या या चित्रपटांनी कादंबरीवरील निष्ठा हेच आपले धोरण मानले. पहिला १५२ मिनिटांचा, दुसरा १६१ मिनिटांचा. प्रसंगामागून प्रसंग मांडत जाण्याची त्यांची रीत होती आणि वाचकांनी कल्पिलेले जग पडद्यावर जसेच्या तसे उभे करणे हे त्यांचे यश होते. तिसरी कादंबरी आधीच्या दोहोंपेक्षा मोठी असूनही तिच्यावरील चित्रपट मात्र १४२ मिनिटांत संपतो. कोलंबस या वेळी निर्मात्यांपैकी एक होते आणि दिग्दर्शनाची धुरा मेक्सिकोचे अल्फोन्सो क्युआरॉन यांच्याकडे आली होती. पटकथाकार स्टीव्ह क्लोव्ह्ज आणि कलादिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग हे आधीचेच. छायालेखक मात्र मायकेल सेरेसिन हे नवे.

क्युआरॉन यांची निवड त्या वेळी अनेकांना अनपेक्षित वाटली होती. ‘अ लिटल प्रिन्सेस’ (१९९५) हा मुलांसाठीचा चित्रपट त्यांच्या नावावर होता; पण २००१ सालचा ‘इ तू मामा तांबिएन’ हा तरुणांच्या वासना आणि मृत्यूची जाणीव यांविषयीचा चित्रपटही त्यांचाच होता. पुढे ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) आणि ‘रोमा’ (२०१८) या दोन चित्रपटांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे ऑस्कर मिळाले. आज त्या चित्रपटांच्या प्रकाशात मागे वळून पाहताना लक्षात येते, की रुंद चौकटीत माणसाला त्याच्या परिसरासह पाहण्याची आणि दृश्य न तोडता दीर्घकाळ चालू ठेवण्याची त्यांची सवय या जादूच्या शाळेतही त्यांच्यासोबत आली होती.

या दृष्टीचा पहिला परिणाम परिसरावर झाला. आधीच्या चित्रपटांतील हॉगवर्ट्स ही मुख्यतः अंतर्भागांची शाळा होती : दालने, जिने, मेणबत्त्या. येथे शाळेला भूगोल मिळाला. स्कॉटलंडमधील ग्लेन्को परिसरात केलेल्या चित्रीकरणामुळे हॅग्रिडची झोपडी उतारावर आली, तिच्याकडे जाणारी वाट दगडांतून खाली उतरू लागली, दरीवर लाकडी पूल आला आणि घड्याळाच्या मनोऱ्यात एक प्रचंड लंबक झुलू लागला. पाऊस, धुके, गळती पाने आणि बर्फ ही येथे नेपथ्याची सजावट राहिलेली नाही. एका झाडाच्या अवस्थांतून ऋतू सरकताना दिसतात आणि शाळेचे वर्ष खरोखरच एक वर्ष वाटते. मुलेही बदलली. गणवेश प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने घातलेला, गळपट्टा सैल, सुटीच्या दिवशी साधे कपडे. तेरा वर्षांची मुले तेरा वर्षांच्या मुलांसारखी दिसू लागली. ही बाब वरवरची नाही. अद्भुताला भार यायचा असेल तर त्याच्या पायाखालची जमीन खरी असावी लागते.

अद्भुताची दोन रूपे

नाट्यशास्त्रात अद्भुताचे दोन प्रकार सांगितले आहेत : दिव्य आणि आनंदज. दैवी व अलौकिक वस्तूंच्या दर्शनाने होणारा विस्मय तो दिव्य आणि हर्षातून स्फुरणारा तो आनंदज. ही विभागणी आजच्या चमत्कृतिप्रधान चित्रपटांना लावून पाहिली, तर त्यांचा बहुतेक सगळा भर पहिल्या प्रकारावर असल्याचे दिसते. काहीतरी अतिप्रचंड, अतिविचित्र दाखवायचे आणि प्रेक्षकाला थक्क करायचे, हे त्यांचे तंत्र. असा विस्मय फार लवकर शिळा होतो. दुसऱ्या वर्षी याहून मोठा राक्षस आणावा लागतो.

क्युआरॉन यांच्या चित्रपटात आनंदज अद्भुताचे एक सुंदर उदाहरण आहे. अर्धा गरुड आणि अर्धा घोडा अशा बकबीक या प्राण्यावर बसून हॅरी तलावावरून उडतो, तो प्रसंग. प्राण्याची नखे पाण्याला ओझरता स्पर्श करतात, हॅरी सावकाश हात पसरतो आणि ओरडतो. या उड्डाणाने कथानक पुढे सरकत नाही. शत्रू नाही, शर्यत नाही, जिंकण्यासारखे काही नाही. आईवडिलांच्या मृत्यूच्या छायेत वाढलेल्या, मावशीच्या घरी दुस्वासात दिवस काढलेल्या मुलाला काही क्षण केवळ बरे वाटते, एवढेच येथे घडते. मला या चित्रपटातील सर्वांत मोठी जादू हीच वाटते.

भरतांनी रसांची जननव्यवस्था सांगताना वीरापासून अद्भुताची उत्पत्ती होते असे म्हटले आहे. पराक्रम पाहून विस्मय वाटतो, हा त्याचा सरळ अर्थ. मालिकेतील पहिले दोन चित्रपट या व्यवस्थेत नेमके बसतात. त्यांच्या अखेरीस हॅरीचा पराक्रम आहे आणि त्यातून विस्मय आहे. तिसऱ्या चित्रपटात मात्र अद्भुत हे करुणातून जन्म घेते. तलावाच्या काठावर हॅरीने ज्या तेजस्वी हरणाला साद घातली, त्याच्या मुळाशी शौर्याहून अधिक पोरकेपण आहे. आपले मृत वडील येऊन आपल्याला वाचवतील, अशी त्याला आशा असते. ते येत नाहीत. येणार कोणीच नाही हे कळते, तेव्हा तो स्वतः पुढे होतो. शास्त्राने सांगितलेल्या क्रमाला दिलेली ही बगल मला अर्थपूर्ण वाटते. कारण तिच्यामुळे चमत्काराला मानवी किंमत लाभते.

भयाचे रूप

अझकाबान या तुरुंगाचे पहारेकरी म्हणजे डिमेंटर. मनुष्याजवळील आनंद शोषून घ्यायचा आणि त्याच्या सर्वांत दारुण आठवणी तेवढ्या मागे ठेवायच्या, हा त्यांचा व्यापार. या कल्पनेमागे आपण स्वतः अनुभवलेले नैराश्य असल्याचे लेखिकेने मुलाखतींत सांगितले आहे. चित्रपटाने ही कल्पना ज्या साधनांनी साकारली ती पाहण्यासारखी आहेत. आगगाडी पुलावर थांबते. दिवे जातात. खिडकीच्या काचेवर गारठ्याची नक्षी चढत जाते, बाटलीतील पाणी गोठते. मग दाराशी एक लांब, फाटके, काळे वस्त्र दिसते. चेहरा नाही, वाणी नाही. भयानक रसाची मांडणी करताना विभावाइतकेच अनुभावाला महत्त्व असते, याचे हे प्रत्यंतर होय. आपण भीतीची वस्तू पाहण्याआधी भीतीचे परिणाम पाहतो.

याच प्रसंगात डब्याच्या कोपऱ्यात कोट पांघरून झोपलेला एक प्रवासी उठतो, प्रकाशाने त्या आकृतीला पिटाळतो आणि शुद्धीवर आलेल्या हॅरीला चॉकलेट खायला देतो. हा रीमस लुपिन. त्याचा कोट जुना आहे, चेहऱ्यावर व्रण आहेत. डेव्हिड थ्यूलिस यांनी त्याला दिलेला आवाज खालच्या पट्टीतला आणि किंचित थकलेला आहे. भेदरलेल्या मुलाला उपदेश न करता आधी काहीतरी खायला देणाऱ्या या माणसावर प्रेक्षकाचा विश्वास तत्काळ बसतो.

लुपिनचा पहिला वर्ग हा भयाविषयीचाच आहे. कपाटात बोगार्ट नावाचा एक जीव आहे आणि समोर येईल त्याच्या मनातील सर्वांत मोठ्या भीतीचे रूप तो घेतो. त्याला हरवण्याचा उपाय म्हणजे त्या रूपाला हास्यास्पद करून टाकणे. कॅमेरा कपाटाच्या आरशात शिरतो, ग्रामोफोनवर तबकडी लागते, मुले रांग लावतात. नेव्हिल या बुजऱ्या मुलाला भीती वाटते ती स्नेप या शिक्षकाची. तेव्हा स्नेप त्याच्या आजीच्या पोशाखात उभा राहतो आणि वर्ग हसतो. आपल्याकडे रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीण ज्या मुलांना घाबरवते त्यांनाच खदखदा हसवते, हे अनेकांना आठवेल. भय आणि हास्य यांचे हे नाते मुलांना उपजतच कळते. प्रौढपणी आपण ते विसरतो.

तथापि चित्रपट येथे थांबत नाही, यात त्याची परिपक्वता आहे. हॅरीची पाळी येते तेव्हा कपाटातून डिमेंटर निघतो आणि हसण्याचा उपाय अपुरा ठरतो. काही भये हसून जातात, काही जात नाहीत. नैराश्याला विनोदाने हरवता येत नाही. त्यासाठी दुसरा उपाय शिकावा लागतो : एखादी सुखाची आठवण इतक्या निष्ठेने मनात धरायची, की तिला रूप यावे. त्या रूपाला पॅट्रोनस असे नाव आहे. या लॅटिन शब्दाचे नाते ‘पिता’ या अर्थाच्या शब्दाशी आहे, हे लक्षात घेतले की कथेचा आशय आणखी उलगडतो. हॅरीला पुरेशी बलवान आठवण सापडत नाही. अखेर जी सापडते ती आईवडील आपल्याशी बोलत असल्याची एक पुसट प्रतिमा आहे. आणि ती खरी की मनाने रचलेली, हे त्याला स्वतःलाही माहीत नाही. तरीही तिने काम होते. माणूस ज्या स्मृतींच्या आधारावर उभा राहतो त्या सगळ्या पुराव्याने सिद्ध झालेल्या नसतात, एवढे मोठे सत्य हा चित्रपट शिकवणीच्या एका तासात सहज सांगून जातो.

चार शिक्षक

अध्यापकाच्या नजरेने पाहिल्यास हा चित्रपट म्हणजे अध्यापनपद्धतींचा एक तुलनात्मक पटच आहे. भविष्यकथन शिकवणाऱ्या ट्रेलॉनीबाई चहाच्या कपातील गाळ पाहून मुलांना त्यांचे मरण सांगतात. एमा थॉम्पसन यांनी ही भूमिका विनोदी ढंगाने रंगवली असली, तरी विद्यार्थ्याचे भवितव्य आधीच ठरवून टाकणारा शिक्षक ही काही केवळ विनोदाची गोष्ट नाही. हॅग्रिडला आपल्या विषयाचे अपार प्रेम आहे. परंतु वर्ग सांभाळण्याची समज नाही. पहिल्याच तासाला एक उद्धट मुलगा जखमी होतो आणि त्याची शिक्षा बकबीक या मुक्या प्राण्याला भोगावी लागते. स्नेपचे ज्ञान वादातीत आहे. तो एक दिवस लुपिनच्या जागी वर्गावर येतो, खिडक्या बंद करतो, पडद्यावर चित्रे दाखवत वृकमानव या विषयावर बोलू लागतो आणि आपणहून उत्तर देणाऱ्या हर्मायनीचा सर्वांसमक्ष अपमान करतो. अंधार, एकतर्फी व्याख्यान, अपमान आणि शेवटी निबंध. ॲलन रिकमन यांनी ही भूमिका इतक्या नेमकेपणाने केली आहे, की प्रत्येकाला आपल्या विद्यार्थिदशेतील कोणीतरी आठवावे.

चौथा शिक्षक लुपिन. तो विद्यार्थ्याला त्याच्या भीतीसमोर उभा करतो, पण एकटा सोडत नाही. हॅरीच्या बोगार्टने डिमेंटरचे रूप घेताच तो स्वतः मध्ये येतो. आणि त्याच क्षणी ढगांआडून निघालेला पूर्ण चंद्र दिसतो. ही लुपिनची स्वतःची भीती. विद्यार्थ्याला वाचवण्यासाठी शिक्षकाने आपले गुपित उघडे केले आहे, हे त्या घडीला वर्गातील कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे पुलावरच्या संवादात तो हॅरीला सांगतो, की तुला सर्वांत जास्त भीती भीतीचीच वाटते आणि हे शहाणपणाचे लक्षण आहे. विद्यार्थ्याच्या दुर्बलतेतून त्याचे सामर्थ्य शोधून दाखवणे, याहून अध्यापनाची वेगळी व्याख्या करता येईल असे मला वाटत नाही.

येथे निर्मितिप्रक्रियेतील एका प्रसिद्ध गोष्टीचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. क्युआरॉन यांनी तिन्ही प्रमुख बालनटांना आपापल्या पात्रावर निबंध लिहून आणण्यास सांगितले. एमा वॉटसन यांनी अनेक पृष्ठांचा निबंध लिहिला, डॅनियल रॅडक्लिफ यांनी एका पृष्ठात काम उरकले आणि रुपर्ट ग्रिंट यांनी काहीच दिले नाही. रॉनने दिलेच नसते, असे त्यांचे म्हणणे. तिन्ही उत्तरे आपापल्या परीने बरोबर होती! विद्यार्थ्याने न लिहिलेल्या उत्तरातही त्याची समज वाचता येते, हे दिग्दर्शकाने जाणले.

आणखी एक बारकावा स्नेपविषयी. लुपिनचे वृकमानवात रूपांतर होते तेव्हा हाच स्नेप हात पसरून तिन्ही मुलांच्या पुढे उभा राहतो. वाईट शिक्षक हा वाईट माणूसच असतो असे नाही, ही न्यायबुद्धी चित्रपटाने अखेरपर्यंत सोडलेली नाही.

पुन्हा पाहणे

चित्रपटाच्या उत्तरार्धात हर्मायनी आणि हॅरी हे एका यंत्राच्या साह्याने काही तास मागे जातात आणि आपणच जगलेले क्षण बाहेरून पाहतात. कालप्रवासाची ही युक्ती कथासाहित्यात नवी नाही. येथे तिचा उपयोग मात्र ज्ञानविषयक प्रश्नासाठी झाला आहे. पहिल्या वेळी आपण दुरून पाहतो : जल्लादाची कुऱ्हाड वर जाते, खाली येते, आवाज होतो, कावळे उडतात. बकबीक मेला असे मुले समजतात आणि आपणही समजतो. दुसऱ्या वेळी तोच आवाज ऐकू येतो; पण कुऱ्हाड भोपळ्यावर पडलेली असते. पहिल्या वेळी पाहिलेले काहीही खोटे नव्हते. खोटा होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

येथे सिरियस ब्लॅकच्या कथेशी सांधा जुळतो. त्याने आपल्या मित्राचा खून केला याचा पुरावा म्हणून त्या मित्राचे एक बोट तेवढे सापडले होते. त्या बोटावरून एका निरपराध माणसाने बारा वर्षे अझकाबानमध्ये काढली. बोट खरे होते. निष्कर्ष खोटा होता. त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० सालच्या आपल्या ग्रंथात अद्भुताची व्याख्या करताना, घडलेले नैसर्गिक की अतिनैसर्गिक या संभ्रमाला मध्यवर्ती स्थान दिले. या चित्रपटात तसा संभ्रम नाही. जादू खरीच आहे. संभ्रम आहे तो अपराधी कोण याविषयी. म्हणजे अद्भुताच्या जगात राहूनही प्रेक्षकाला पडणारा प्रश्न शुद्ध लौकिक आणि नैतिक आहे. संशोधनाच्या वर्गात पुरावा आणि अनुमान यांतील फरक शिकवताना, त्या कुऱ्हाडीइतके बोलके उदाहरण मला क्वचितच आढळले आहे.

काही उणिवा

चित्रपट निर्दोष नाही. कादंबरी संक्षिप्त करताना एक महत्त्वाचा धागा तुटला आहे. शाळेचा गुप्त नकाशा तयार करणारे चौघे मित्र म्हणजे हॅरीचे वडील, सिरियस, लुपिन आणि पेटिग्रू, आणि हरिण हे वडिलांनी धारण केलेले रूप होते, हे चित्रपट स्पष्टपणे सांगत नाही. त्यामुळे हॅरीच्या पॅट्रोनसने हरणाचेच रूप का घ्यावे, हे कादंबरी न वाचलेल्या प्रेक्षकाला उमगत नाही. ज्या प्रसंगावर सगळी भावनिक इमारत उभी आहे, त्याचाच पाया असा कच्चा राहावा, हे खटकते. पडक्या वाड्यातील रहस्यभेदाचा प्रसंग घाईचा झाला आहे. गॅरी ओल्डमन, थ्यूलिस, रिकमन आणि टिमोथी स्पॉल असे चार समर्थ नट एका खोलीत असूनही संवादांना श्वास घेण्यास अवसर मिळालेला नाही.

आरंभीच्या दृश्यात हॅरी पांघरुणाखाली मंत्राने प्रकाश पाडताना दिसतो. शाळेबाहेर विद्यार्थ्यांनी जादू करण्यास मनाई आहे आणि तो नियम मोडल्याची भीती त्याला पुढच्याच प्रसंगानंतर वाटते. ही विसंगती दृश्याच्या मोहापायी स्वीकारलेली आहे. अद्भुत जगालाही स्वतःचे नियम असतात आणि ते पाळले तरच त्या जगावर विश्वास बसतो. रात्रीच्या बसमधील बोलके मुंडके हीदेखील हास्यासाठी केलेली अनावश्यक भर आहे. २००२ साली रिचर्ड हॅरिस यांच्या निधनानंतर डंबलडोरची भूमिका मायकेल गॅम्बन यांच्याकडे आली. त्यांचा डंबलडोर चपळ आणि मिस्कील आहे. आधीच्या डंबलडोरचे वात्सल्य मात्र येथे उणे वाटते.

आठ चित्रपटांच्या या मालिकेत याच चित्रपटाचे उत्पन्न सर्वांत कमी, सुमारे ८० कोटी डॉलर, होते. समीक्षकांपैकी अनेकांनी मात्र त्याला मालिकेतील श्रेष्ठ कृती मानले. या विरोधातून लोकाभिरुचीविषयी मोठे सिद्धांत काढण्याचे कारण नाही. एवढे मात्र म्हणता येईल, की कादंबरीचे चित्ररूप असणे आणि स्वतंत्र चित्रपट असणे या दोन अपेक्षा एकमेकींच्या आड येतात आणि क्युआरॉन यांनी त्यांपैकी दुसरी निवडली.

समारोप

लुपिन हा वृकमानव आहे. पौर्णिमेच्या रात्री त्याच्यात होणारा बदल हा आजार आहे, अपराध नाही. वृकमानवत्व हे एचआयव्ही व एड्ससारख्या, समाजाने कलंकित ठरवलेल्या आजारांचे रूपक असल्याचे रोलिंग यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात म्हटले आहे. चित्रपटाच्या शेवटी ही गोष्ट कोणाच्या तरी तोंडून बाहेर पडते आणि लुपिन राजीनामा देतो. त्याला कोणी काढून टाकत नाही. चौकशी होत नाही, आदेश निघत नाही. उद्या पालकांची पत्रे येतील आणि आपल्या मुलांना असल्या माणसाने शिकवावे हे त्यांना रुचणार नाही, एवढे तो शांतपणे सांगतो. याची सवय झाली आहे, हे त्याच्या आवाजातून कळते. मग तो सामान आवरतो. ज्या एका शिक्षकाने मुलांना भयाचा सामना करण्यास शिकवले, त्याला समाजाच्या भयामुळे जावे लागते. या विपर्यासावर चित्रपट भाष्य करत नाही. तो केवळ रिकामी होत जाणारी खोली दाखवतो.

याच ठिकाणी या चित्रपटाची प्रामाणिकता मला सर्वाधिक जाणवते. कालचक्र मागे फिरवून दोन जीव वाचवता आले : बकबीक आणि सिरियस. परंतु सिरियसचे निरपराधित्व जगापुढे सिद्ध झाले नाही. खरा गुन्हेगार निसटला आणि सिरियसला फरारी म्हणूनच जगावे लागले. लुपिनची नोकरी गेली ती गेलीच. सत्य कळले ते मोजक्या लोकांना. जादूने प्राण वाचतात, पण गेलेली अब्रू परत मिळत नाही. त्यासाठी समाजाचे मन बदलावे लागते आणि त्यावर मंत्र नाही. अद्भुतकथेने स्वतःच्या सामर्थ्याची मर्यादा इतक्या स्पष्टपणे सांगावी, हे विरळा.

म्हणूनच चित्रपटाचे शेवटचे दृश्य मला तितकेसे पटत नाही. हॅरीला नवा वेगवान झाडू मिळतो, तो आकाशात झेपावतो आणि त्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर चित्र गोठते. प्रेक्षकाला प्रसन्न मनाने घरी पाठवण्याची ही व्यावसायिक सोय समजण्यासारखी आहे. माझ्या लेखी मात्र चित्रपट त्याच्या काही क्षण आधी संपतो : लुपिन नकाशा हॅरीच्या हाती परत देतो, कारण आता तो त्याचा शिक्षक राहिलेला नाही, आणि आपण या मुलाला काही शिकवू शकलो याचा अभिमान बोलून दाखवतो. वर्गात उभे राहण्याचा अधिकार गेला तरी शिकवलेले कोणाला काढून घेता येत नाही. अध्यापनाच्या व्यवसायात असलेल्या कोणालाही या जादूच्या शाळेतून सोबत न्यावे असे हे एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.